चाहत्यांपर्यंत पोहोचायचे कशावर?

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि कामगार सिनेमाकडे वळतो. हे गिऱ्हाईक ओळखून नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रीकरण आणि व्हिडिओ पार्लरमध्ये खेळ! महागड्या फिल्मचा खर्चच नाही.

व्हिडिओ कॅसेटच्या नकलेची नक्कल काढली की चित्र धूसर होते. व्हीसीडीची नक्कल मात्र हुबेहूब उतरते. एका व्हीसीडीवर जेमतेम ७४ मिनिटे मावतात, चित्रही डीव्हीडीइतके स्वच्छ नसते. तरी स्वस्त प्लेअरमुळे ती घरोघरी चालली. चाहत्याची चंगळ झाली, पण नकली माल विकणाऱ्यांनी निर्मात्याच्या पोटावर पाय दिला, हेही खरेच.

आता मालेगावचे विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले जातात. तिथे माल विकायचा नसतो, उत्पन्न जाहिरातींतून येते. कव्वाली असो वा नाटुकले, आपल्या कारागीर बंधूंनी ते एमपीफोरमध्ये ठेवावे. गिऱ्हाइकाच्या हातात फोन आहे आणि त्यावर ते सहज चालते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ मात्र दाबून लहान होतो. तीच प्रत मूळ समजून जपू नये. मूळ प्रत दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या जागी हवी.

घरात जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्या आधी उतरवून घ्या. त्यांना बुरशी लागते, आणि जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे बंद केल्यापासून चालू यंत्र मिळणेही अवघड झाले आहे.