पाठ, खोगीर आणि लगाम

हातातलं काम चालू असेल तर चालू राहू द्या, कान तेवढे इकडे ठेवा. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण बोलणार आहोत घोड्याबद्दल, आणि घोड्याच्या निमित्तानं आपल्या पाठदुखीबद्दल.

तुम्ही म्हणाल, घोड्याचा आणि आमचा काय संबंध? खरं आहे. वरातीत घोड्यावर नवरदेव बसतो, नवरी बसत नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो, तिथं आपण पाळण्यात बसतो, बांगड्या घेतो आणि घोडे लांबूनच बघतो. पण आपल्याच मुलखात ताराराणी होऊन गेल्या, झाशीच्या लक्ष्मीबाई होऊन गेल्या. त्या घोड्यावर मांड टाकून बसत. मांड टाकणं म्हणजे एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे. नऊवारीचा काष्टा घातला की तसं बसता येतं. हे मांड टाकून बसणं लक्षात ठेवा, कारण आजची गोष्ट त्यावरच उभी आहे.

ही गोष्ट इझाबेला बर्ड नावाच्या बाईची. तिचा जन्म १८३१ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरात खायला कमी नव्हतं, पण पोरीची पाठ सतत दुखायची. १८५० साली मणक्याजवळची एक गाठ शस्त्रक्रिया करून काढली. तरी दुखणं गेलं नाही. डोकं दुखे, झोप लागत नसे, दिवसचे दिवस अंथरुणात जात. शेवटी डॉक्टरांनी समुद्रप्रवास करायला सांगितलं. १८५४ साली ती अमेरिका आणि कॅनडाला जाऊन आली आणि त्या प्रवासावर तिनं पहिलं पुस्तक लिहिलं. घरी परतली, की दुखणं पुन्हा डोकं वर काढायचं.

त्या काळात तिच्या समाजातल्या बायका घोड्यावर बसत, पण दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून. त्यासाठी वेगळं खोगीर असे. पाय फाकून बसणं बाईमाणसाला शोभत नाही, असं सगळे मानत. हे बसणं कसं असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर आणि हातात पिशवी घेऊन वीस किलोमीटर जाऊन आलं की कंबर काय म्हणते, ते आठवा. तोंड पुढे, पाय बाजूला, मध्ये कमरेला पीळ. खड्डा आला की सगळा दणका त्या पिळातच बसतो.

१८७३ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, इझाबेला हवाई बेटांवर पोचली. तिथं डोंगर, ओढे, ज्वालामुखी. घोड्याशिवाय फिरणं नाही. बायकी खोगिरावर बसून तिची पाठ इतकी दुखायला लागली की फिरणं सोडून द्यावं असं तिला वाटलं. पण तिथल्या गावच्या बायका खुशाल मांड टाकून घोडे दौडवत होत्या. तिलाही कुणीतरी सुचवलं, तसं बसून बघा. तिनं घोळदार विजार आणि वर झगा असा पोशाख शिवून घेतला, उंच पाठीचं खोगीर घेतलं आणि मांड टाकली. नंतर हीच बाई मौना लोआ नावाच्या मोठ्या ज्वालामुखीवर चढून गेली. त्याच वर्षी पुढे अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात, थंडीच्या दिवसांत, बऱ्याच ठिकाणी एकटीनं, तिनं घोड्यावरून सुमारे ८०० मैल प्रवास केला. म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटर.

मग घोड्यानं तिची पाठ बरी केली का? नाही. चमत्कार झाला नाही. घरी परतल्यावर ती पुन्हा आजारी पडायचीच. पण घोड्यावर असताना जी पाठ तिला उठू देत नव्हती, तीच पाठ तिला डोंगर चढू देत होती. असं का झालं असेल, ते आता समजून घेऊ.

घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशी तिन्ही दिशांनी हलते. आपण चालतो तेव्हा आपली कंबरही साधारण अशीच हलते. म्हणून मांड टाकून बसलेल्या माणसाच्या कमरेला न चालताही चालल्यासारखी हालचाल मिळते. दर पावलाला तोल सांभाळायला पोटाचे आणि पाठीचे स्नायू थोडं थोडं काम करतात. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम असतं, त्या उबेनं आखडलेल्या मांड्या सैल होतात. पायांत ताकद नसलेल्या किंवा तोल न राहणाऱ्या मुलांना आज काही ठिकाणी घोड्याच्या आधारानं व्यायाम देतात, तो याच तत्त्वावर. तिथं सोबत शिकलेला माणूस असतो आणि घोडा शांत चालीचा असतो.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं नाव यात आदरानं घेतात. १९४४ साली, पोटात बाळ असताना, त्यांना पोलिओ झाला. बाळ सुखरूप जन्मलं, पण त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. त्या पुन्हा घोड्यावर बसायला शिकल्या. त्यांना चढवावं लागे आणि उतरवावं लागे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडा डौलात चालवण्याच्या स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. त्या खेळात बायकांना पुरुषांबरोबर उतरायची परवानगी त्याच वर्षी पहिल्यांदा मिळाली होती. त्यांचे पाय काही बरे झाले नाहीत. पण पाय लुळे असूनही काय करता येतं, हे जगानं बघितलं आणि आजारी माणसांसाठी घोडेस्वारी शिकवण्याच्या कामाला जोर आला.

दुसरी गोष्ट घोड्याच्या स्वभावाची. रानात घोडा म्हणजे वाघ-लांडग्यांचं भक्ष्य. म्हणून तो सतत सावध. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं जवळजवळ सगळीकडचं दिसतं. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवतो. अशा जनावराला आपली भीती, घाई, राग बोलल्याशिवाय कळतो. आपण श्वास रोखून लगाम आवळला की तो बिथरतो. खांदे सैल सोडले की तोही मान खाली घालतो. दिवसभर दुसऱ्यांचं मन ओळखत वागणाऱ्या बाईला आपल्याच अंगाकडे लक्ष द्यायला लावणारं असं जनावर भेटलं, तर तो मोठाच बदल असतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगते. घोडा खोगीर घालू देत नाही, चावायला येतो, मागचे पाय झाडतो. अडाणी माणूस म्हणतो, खोडील आहे, हाणा. जाणता माणूस आधी खोगीर उतरवतो आणि पाठीवरून हात फिरवतो. तेव्हा कळतं की खोगीर चुकीचं बसलंय आणि खाली कातडी सोलवटलीय. दोष स्वभावाचा नसतो, खोगिराचा असतो.

बाईच्या पाठीचंही असंच आहे. "हिला कामाचा कंटाळा आहे", "वय झालं", "बायकांचं दुखणं असतंच", असं म्हणून आपण तिला हाणतोच, फक्त शब्दांनी. आधी खोगीर तपासू या. डोक्यावरचे दोन हंडे, वाकून केलेली खुरपणी, बुटकी चूल, एका बाजूला बसून केलेला प्रवास. यातलं काय बदलता येईल? लांब दांड्याचं खुरपं वापरता येईल का? चूल ओट्यावर घेता येईल का? दुचाकीवर सलवार घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येईल का? लोक काय म्हणतील, हा प्रश्न इझाबेलालाही होताच. डेन्व्हर शहर जवळ आलं तेव्हा लांब झगा चढवून ती पुन्हा एका बाजूला बसली. आणि एका वर्तमानपत्रानं तिच्यावर पुरुषी कपडे घातल्याचा ठपका ठेवला, तेव्हा ती चिडली. पण मांड टाकणं तिनं सोडलं नाही.

एक सूचना नीट ऐका. पाठ दुखते म्हणून कुणी घोड्यावर बसायला जाऊ नका. मणक्याची चकती सरकलेली असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर घोड्याच्या दणक्यानं इजा होऊ शकते. आणि पाठदुखीबरोबर पायाला मुंग्या येत असतील, पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर लेप-मालिश करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता लगामाबद्दल. घरी इझाबेला आजारी मुलगी होती, तिचं सगळं दुसरे ठरवत. घोड्यावर कुठं वळायचं आणि कुठं थांबायचं, ते ती ठरवत होती. रात्री मुक्कामाला ती धाकट्या बहिणीला, हेन्रिएटाला, पत्र लिहायची. लाकडी खोपटात इतकी थंडी असे की शाई गोठायची, तरी लिहायची. त्या पत्रांचंच पुढे पुस्तक झालं. दुखणं, भीती, पाहिलेले डोंगर, सगळं ती सांगत होती आणि ऐकणारी एक हक्काची बहीण होती. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच जात्यावर केलं. जात्याच्या फिरण्याला ओवीची लय लावली आणि सासर-माहेरचं सुखदुःख गाऊन मोकळ्या झाल्या. दळण तेवढंच होतं, पण सांगता येत होतं.

बहीण गेली, पाठोपाठ काही वर्षांनी नवराही गेला. इझाबेला १८८९ साली हिंदुस्थानात आली. श्रीनगरला नवऱ्याच्या नावानं आणि अमृतसरला बहिणीच्या नावानं तिनं दवाखाने काढायला मदत केली. लडाखपर्यंत घोड्यावरून गेली. १८९२ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं बायकांना पहिल्यांदा सदस्य करून घेतलं, त्यांत ती होती. १९०१ साली, सत्तरीला टेकलेली, ती मोरोक्कोत फिरली. घोडा इतका उंच होता की शिडी लावून चढावं लागे. १९०४ साली ती वारली.

मैत्रिणींनो, आपल्याकडे घोडा नाही. पण पाठ आहे आणि गटही आहे. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीनं एकच सांगायचं, माझी पाठ कोणत्या कामानं दुखते. बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं. लिहिता येणारीनं वहीत उतरवून घ्यायचं. मग त्यातलं एक काम निवडा आणि त्याचं खोगीर बदलायचं ठरवा. काय बदललं, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून आमच्या केंद्रावर पाठवा. ते इतर गावांच्या बायांना ऐकवू.