आधी कोणाला तपासायचं? कॅज्युअल्टीत घडणाऱ्या डॉक्टरकडून शिकण्यासारखं

सोलापूरच्या 'सिव्हिल'मध्ये आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते रात्री-अपरात्री रुग्ण घेऊन गेलेले आहेत. १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय. अक्कलकोट, मोहोळपासून शेजारच्या धाराशिव आणि कर्नाटकातूनही इथे रुग्ण येतात. कॅज्युअल्टीत धावपळ करणाऱ्यांत इंटर्न मुलं-मुली असतात. साडेचार वर्षांच्या एमबीबीएसनंतर एक वर्ष इंटर्नशिप, आणि २०२१ च्या नियमांनुसार त्यातले दोन आठवडे आपत्कालीन विभागात. या काळात ते काय शिकतात, हे आपणही समजून घ्यायला हवं.

क्रम गरजेचा, ओळखीचा नाही

पहिला धडा 'ट्रायज'चा. म्हणजे रुग्णांची तातडीनुसार वर्गवारी. जीव धोक्यात असेल तर लाल, गंभीर पण थोडा वेळ थांबू शकेल तर पिवळा, किरकोळ असेल तर हिरवा. आधी श्वासमार्ग मोकळा आहे का, मग श्वास, मग नाडी आणि रक्तस्राव. आजाराचं नाव नंतर.

नवख्या डॉक्टरचं लक्ष साहजिकच ओरडणाऱ्याकडे जातं. पण जो ओरडतो, त्याचा श्वास निदान चालू असतो. कोपऱ्यात गप्प पडलेला, घामानं भिजलेला माणूस जास्त धोक्यात असू शकतो. समाजातही असंच नाही का? ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम आधी.

'प्यालेला आहे' म्हणण्याआधी

मळक्या कपड्यातला बेशुद्ध माणूस रस्त्यावरून आणला की लोक सहज म्हणतात, "दारू प्यालाय, पडू द्या." इंटर्नला शिकवलेलं असतं, बेशुद्ध रुग्णाची साखर आधी तपास. साखर खूप उतरली तरी माणूस बरळतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध होतो. डोक्याला मार लागला तरी तसंच. आणि खरोखर प्यालेल्या माणसालाही हे दोन्ही होऊ शकतं. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब पूर्वग्रहाला उत्तर देतो.

सोलापुरात भाषाही शिकावी लागते. तेलुगूतलं 'नोप्पी' आणि कन्नडमधलं 'नोवू', दोन्हींचा अर्थ दुखणं. हे शब्द कळले नाहीत तर तपासणी अर्धीच राहते.

जखमेची नोंद

मारहाणीच्या प्रकरणात जखम कुठे, किती लांब, कोणत्या रंगाची, हे इंटर्न नीट लिहायला शिकतो. अत्याचाराच्या खटल्यात हीच नोंद पुरावा ठरते. म्हणून कार्यकर्त्यांनी घाईत रुग्णाला घरी नेऊ नये. सगळ्या जखमा दाखवाव्यात. पोलीस आलेले नसले तरी उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे.

आपण काय करायचं?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसारानं आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता. तो आपल्या काही उपयोगाचा नाही, म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदांसोबत त्याला स्वतः धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे, असं भिक्खू संघाला समजावलं. तो कोण, कोणत्या घरचा, हा प्रश्न तिथे नव्हता.

आपण मात्र कॅज्युअल्टीत पोहोचताच नगरसेवकाला फोन लावतो. "आपला माणूस आहे, आधी बघा." उशीर होत असेल, हयगय होत असेल तर जाब विचारायलाच हवा, तो आपला हक्क आहे. पण हिरव्या रुग्णासाठी लाल रुग्णाचा डॉक्टर ओढून नेणं हा हक्क नव्हे. वशिल्यानं आपणच पिढ्यानपिढ्या मागे राहिलो, तोच वशिला आपण तिथे वापरायचा का?

त्यापेक्षा काय झालं, किती वाजता झालं, कोणती औषधं चालू आहेत, हे चार ओळींत लिहून न्या. विष घेतलं असेल तर बाटली सोबत न्या. दोन माणसं आत, बाकी बाहेर. आणि शेजारी कोणी एकटाच गप्प पडलेला दिसला, तर त्याच्यासाठीही डॉक्टरला हाक मारा.