कोणतं काम कोणासाठी थांबलंय?

एका दिवाळी अंकाचं काम कागदावर मांडून बघू. लेख मिळवून ते संपादित करायला 30 दिवस लागतात. त्यानंतर मुद्रितशोधनाला 12. जाहिराती गोळा करायला 40 दिवस आणि मुखपृष्ठाच्या चित्राला 20. ही दोन्ही कामं लेखांबरोबरच पहिल्या दिवशी सुरू होतात. तपासलेला मजकूर आणि जाहिराती हाती आल्या की मांडणी, 8 दिवस. मांडणी आणि मुखपृष्ठ दोन्ही तयार झालं की छपाईला 7 दिवस आणि मग बांधणीला 4.

सगळ्या आकड्यांची बेरीज 121 होते, पण अंक 61 दिवसांत तयार होतो, कारण कामं एकमेकांच्या शेजारून चालतात. ते 61 कसे आले, हे पाहण्यासारखं आहे. पहिल्या दिवसापासून पुढे मोजत गेलं की प्रत्येक काम लवकरात लवकर कधी संपेल ते कळतं. लेख आणि शोधन मिळून 42 दिवस, जाहिराती 40. म्हणजे मांडणी 42 दिवस उलटल्यावरच सुरू होणार. ती 50व्या दिवशी संपेल, छपाई 57व्या आणि बांधणी 61व्या. आता उलटं मोजत मागे या. प्रत्येक काम उशिरात उशिरा कधी संपलं तरी चालेल? या दोन उत्तरांतला फरक म्हणजे त्या कामाला असलेली सवड. चित्रकाराला 30 दिवसांची सवड आहे. जाहिरात विभागाला फक्त 2 दिवसांची. आणि लेख, शोधन, मांडणी, छपाई, बांधणी या साखळीला शून्य. यातलं कोणतंही काम एक दिवस लांबलं की अंक एक दिवस लांबला. हाच क्रिटिकल पाथ.

खरी गंमत पुढे आहे. संपादकांनी लेखकांच्या मागे तगादा लावून 5 दिवस वाचवले असं समजा. अंक किती लवकर येईल? फक्त 2 दिवस. कारण आता लेख आणि शोधन 37 दिवसांत उरकतं, पण जाहिरातींना अजून 40 लागतातच. शून्य सवडीची साखळी उडी मारून जाहिरात विभागात जाऊन बसली. उरलेले 3 दिवस कुठेच जमा होत नाहीत. साध्या बेरीज-वजाबाकीतून निघणारी ही गोष्ट कितीही वेळा पाहिली तरी मला तिचं नवल वाटतं. सात कामांतली अशी उडी नजरेला दिसते; सातशे कामांत ती कोणाच्याही लक्षात येणार नाही.

म्हणूनच हा हिशेब यंत्राकडे सोपवावा, असं अमेरिकेतल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीला वाटलं. 1957 मध्ये त्यांचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी मिळून ही रीत बसवली. हिशेबाला होता युनिव्हॅक, खोलीभर पसरलेला व्हॅक्यूम ट्यूबचा संगणक. लुइव्हिलच्या कारखान्यात देखभालीसाठी यंत्रं बंद ठेवण्याचा काळ त्यांनी सरासरी 125 तासांवरून 93 तासांवर आणला. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची सख्खी बहीण शोभेल अशी रीत काढली. तिथे प्रत्येक कामाचे तीन अंदाज विचारायचे: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि सगळं बिनसलं तर. मधल्याला चौपट वजन देऊन सहाने भागायचं. आपल्या लेखांना नशिबाने 20, एरवी 28 आणि फारच रखडलं तर 48 दिवस लागत असतील, तर उत्तर येतं 30.

तारखांच्या आडव्या पट्ट्यांचा गँट चार्ट याच्याही आधीचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पण त्या मूळ तक्त्यात कोणतं काम कोणासाठी थांबलंय हे दिसत नव्हतं. 1983 मध्ये सुरू झालेली प्रिमाव्हेरा आणि 1984 मध्ये आलेलं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट यांनी त्या पट्ट्या आणि युनिव्हॅकवरचा हिशेब एकत्र करून टेबलावर आणून ठेवला.

आता या हिशेबात माणसं घाला. मांडणी करणारी व्यक्तीच जाहिरातींची डिझाइनं करत असेल, तर दोन कामं कागदावर शेजारी बसतील, प्रत्यक्षात बसणार नाहीत. आधी कोणतं? एका माणसासमोर एकमेकांवर अवलंबून नसलेली फक्त 20 कामं ठेवली, तरी त्यांचे क्रम लावण्याच्या रीतींची संख्या 19 आकडी होते. मोजकी माणसं आणि एकमेकांत अडकलेली कामं यांचं सर्वोत्तम वेळापत्रक दर वेळी झटपट आणि खात्रीने काढून देणारी पद्धत आजवर कोणालाही सापडलेली नाही. गणितातल्या ज्ञात अवघड प्रश्नांमध्ये याची गणना होते. सॉफ्टवेअरमधलं बटण दाबल्यावर जे वेळापत्रक येतं ते चांगलं असतं, सर्वोत्तम असेलच असं नाही. म्हणून त्याच्यावर कामाची जाण असलेल्या माणसाची नजर फिरायलाच हवी.

इथपर्यंतचं सगळं सुरुवात आणि शेवट असलेल्या कामाबद्दल झालं. पण कितीतरी टीमची कामं अशी नसतातच. तक्रारी येत राहतात, बदल मागितले जातात, रांग कधी संपत नाही. 2004 मध्ये हैदराबादला मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणारी एक लहानशी टीम अशीच बुडाली होती. 80 हून अधिक मागण्या साठलेल्या, आणि एक मागणी पूर्ण व्हायला पाच-पाच महिने. दोष आळसाचा नव्हता. प्रत्येक नव्या मागणीला किती वेळ लागेल याचा अंदाज ताबडतोब द्यावा लागे, आणि त्या अंदाजांतच टीमचा निदान तिसरा हिस्सा वेळ जाई. डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने टीमच्या व्यवस्थापकाने अंदाज देणं बंद केलं आणि एका वेळी किती कामं हातात घ्यायची याला मर्यादा घातली. जागा रिकामी झाली की पुढचं काम आत. नऊएक महिन्यांत सरासरी वाट पाहण्याचा काळ साधारण दोन आठवड्यांवर आला. सॉफ्टवेअरच्या जगातली कानबान पद्धत इथून आकाराला आली. तिचं मूळ टोयोटाच्या कारखान्यातलं.

यामागचं गणितही तितकंच देखणं आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम असा: हातातली कामं भागिले महिन्याला पूर्ण होणारी कामं म्हणजे सरासरी थांबण्याचा काळ. 60 कामं हातात आणि महिन्याला 12 पूर्ण, तर 5 महिने. हातात 24 च घेतली तर 2 महिने, कोणीही जास्त धावाधाव न करता. दाराबाहेर रांग उरते हे खरं, पण त्या रांगेतलं काम अजून बदलता येतं, वगळता येतं.

टीमसाठी सॉफ्टवेअर घ्यायला बसलेल्यांनी म्हणूनच आधी आपलं काम कुठे अडतं ते बघावं, वैशिष्ट्यांच्या याद्या नंतर. एक काम दुसऱ्यासाठी थांबतं म्हणून उशीर होत असेल, तर परस्परावलंबन आणि क्रिटिकल पाथ जाणणारं सॉफ्टवेअर हवं. पूल, कारखाना, चित्रपट, अंक, सगळे यात आले. प्रत्येकाच्या हातात एकदम पंधरा कामं आहेत म्हणून उशीर होत असेल, तर ट्रेलोसारखा फलक पुरतो, मात्र प्रत्येक रकान्याला मर्यादा घालायची आणि ती पाळायची. माझ्या मते बहुतेक लहान टीमची अडचण दुसऱ्या प्रकारची असते, आणि त्या पहिल्या प्रकारचं महागडं सॉफ्टवेअर घेऊन बसतात.

चाचणीच्या मुदतीत काल्पनिक काम भरून काही कळत नाही. मागच्या वर्षी पार पडलेलं एखादं खरं काम जसंच्या तसं भरावं आणि मधलंच एक काम 5 दिवस पुढे ढकलावं. पुढच्या तारखा आपोआप सरकल्या का? गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या त्याने ओलांडल्या का? मूळ ठरलेली तारीख शेजारी दिसते, की नव्या तारखेने ती पुसून टाकली? मग तेच सॉफ्टवेअर टीममधल्या सगळ्यात व्यग्र माणसाच्या फोनवर उघडून द्यावं आणि आज झालेलं काम त्याला नोंदवायला सांगावं. त्याला ते चटकन जमलं नाही, तर आठवड्याभरात नोंदी शिळ्या होतील आणि हिशेब कितीही अचूक असला तरी तारखा चुकीच्या येतील. आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का, हे पैसे भरण्याआधी तपासून घ्यावं.