लहान मुलांच्या हाती कॉफीचा पेला कधी द्यावा?

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्ह्यात अनेक घरांचा दिवस कॉफीच्या दरवळाने सुरू होतो. फिल्टरच्या वरच्या भांड्यातील भुकटीवर उकळते पाणी ओतायचे, खालच्या भांड्यात थेंबथेंब उतरलेला दाट अर्क, म्हणजेच डिकॉक्शन, तापलेल्या दुधात मिसळायचे आणि पेला व पसरट वाटीसारखा दवरा यांच्यात खालीवर करून फेसाळलेली कॉफी घरातील थोरांच्या हाती द्यायची, ही येथील रीत आहे. याच वेळी घरातील चार-पाच वर्षांचे मूल पेल्याकडे हात पुढे करते. आजी पेल्याच्या तळाशी उरलेला गोड घोट त्याला पाजते. काही महिन्यांतच त्या घोटाचा अर्धा पेला होतो.

महाराष्ट्रातील वाचकांना हे दृश्य अपरिचित नाही. फरक एवढाच, की तेथे पेल्याऐवजी बशी असते आणि कॉफीऐवजी चहा. चहात बुडवलेली पोळी किंवा बिस्किट हीच असंख्य मुलांची सकाळची न्याहारी असते. त्यामुळे मुलांना चहा-कॉफी कोणत्या वयापासून द्यावी, हा प्रश्न तंजावरइतकाच सोलापूर किंवा नांदेडमधील पालकांचाही आहे. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर काय, याचा हा आढावा.

कॉफीपूर्वीची सकाळ

तंजावर आणि मराठी भाषा यांचे नाते जुने आहे. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास येथे स्थापन केलेली मराठ्यांची सत्ता १८५५ पर्यंत टिकली. त्या काळात येथे स्थिरावलेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. मात्र पाहुण्याचे स्वागत चहाने नव्हे, तर कॉफीने करण्याची पद्धत त्यांनी तमिळ शेजाऱ्यांप्रमाणेच स्वीकारली आहे. याच जिल्ह्यातील कुंभकोणम हे गाव ‘डिग्री कॉफी’साठी प्रसिद्ध आहे. दुधाची शुद्धता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवरील अंशांवरून, म्हणजे डिग्रीवरून, हे नाव पडले असे अनेक जण मानतात. चिकरी या शब्दाच्या अपभ्रंशातून ते आले असेही काही जण सांगतात.

तरीही कॉफी ही या प्रदेशाची प्राचीन परंपरा नव्हे. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन दोज डेज देअर वॉज नो कॉफी’ या इंग्रजी ग्रंथात वसाहतकाळातील तमिळ समाजात कॉफी कशी रुजली, याचा मागोवा घेतला आहे. त्यापूर्वी सकाळी ‘नीरागारम’ घेतले जात असे. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचे आणि सकाळी ते किंचित आंबलेले पाणी प्यायचे, असे हे पेय. ते भाताचे होते, म्हणजे काही अंशी अन्नच होते. त्याची जागा कॉफीने घेतली. चहा-कॉफी मुलाच्या आहारात येते तेव्हा कोणत्या अन्नाची जागा घेते, हा मुद्दा पुढील चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

पेला तोच, मात्रा चौपट

चहा आणि कॉफी या दोन्हींत कॅफिन हे उत्तेजक द्रव्य असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार १५० मिलिलिटर कॉफीच्या अर्कात ८० ते १२० मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, तर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसभरातील कॅफिन ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असेही त्यात नमूद केले आहे. दुधात मिसळलेल्या कॉफीतील कॅफिन हे त्यात डिकॉक्शन किती घातले यावर अवलंबून असते. चिकरीत कॅफिन नसल्याने मिश्रणातील तिच्या प्रमाणानेही फरक पडतो.

३०० मिलिग्रॅमची मर्यादा सुमारे ६० किलो वजनाच्या प्रौढास लावली, तर ती किलोमागे ५ मिलिग्रॅम होते. चार वर्षांच्या मुलाचे वजन साधारणतः १५ किलो असते. म्हणजे आजोबांच्या पेल्याएवढाच पेला नातवाने घेतला, तर त्याच्या शरीराला वजनाच्या मानाने चौपट कॅफिन मिळते. मुलांसाठीची मर्यादा तर आणखी कमी आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुले व किशोरवयीनांसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम, तर कॅनडाच्या आरोग्य विभागाने किलोमागे २.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. १५ किलोच्या मुलाच्या बाबतीत ही मर्यादा ३८ ते ४५ मिलिग्रॅम भरते. कडक चहाचा एक पूर्ण कप ती ओलांडू शकतो.

कॅफिनचा औषध म्हणूनही उपयोग होतो. अकाली जन्मलेल्या बाळांचा श्वास मधूनच थांबू नये, यासाठी डॉक्टर कॅफिन सायट्रेट मोजून देतात. नवजात बाळाचे यकृत कॅफिनचा निचरा अतिशय संथपणे करते. प्रौढाच्या शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. नवजात बाळाला मात्र त्यासाठी तीन-चार दिवस लागू शकतात. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या ओठांना ‘चव म्हणून’ चहा-कॉफी लावणेही टाळावे.

लोहाचे नुकसान

भारतीय मुलांच्या बाबतीत कॅफिनपेक्षाही अधिक चिंतेची बाब लोहाची आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील देशातील ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. तमिळनाडूत हे प्रमाण ५७.४ टक्के, तर महाराष्ट्रात ६८.९ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. आहारातील लोहाची कमतरता, जंत, वारंवार होणारे संसर्ग आणि मातेचा रक्तक्षय यांचा त्यात समावेश होतो. चहा-कॉफी हे त्याचे एकमेव कारण नव्हे. परंतु मुळात अपुरे असलेले लोह शरीरात शोषले जाण्यास ती अडथळा आणते.

चहा-कॉफीतील टॅनिन व तत्सम घटक अन्नातील लोहाशी संयोग पावतात आणि ते लोह आतड्यांतून रक्तात न जाता शरीराबाहेर पडते. पालेभाज्या, डाळी, नाचणी यांसारख्या वनस्पतिजन्य अन्नातील लोहावर हा परिणाम विशेष जाणवतो आणि आपल्या मुलांना मिळणारे बहुतांश लोह याच अन्नातून येते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात प्रौढांना जेवणासोबत कॉफी दिल्यास लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहा दिल्यास ६४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. जेवणापूर्वी तासभर आधी घेतलेल्या कॉफीचा परिणाम झाला नाही. मात्र जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीनेही तेवढीच घट झाली. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असा सल्ला दिला आहे. कॅफिन काढून टाकलेली कॉफी हाही यावरील उपाय नाही, कारण लोहाला अडविणारे घटक तिच्यातही असतात.

न्याहारीची जागा

गोड, दुधाळ पेल्याने मुलाची भूक तात्पुरती मरते. इडली, उपमा किंवा भाकरी बाजूला राहते आणि मूल शाळेत पोहोचते तेव्हा त्याच्या पोटात थोडे दूध व साखर यांपलीकडे काही नसते. एका कपात दोन चमचे साखर घातली, तर ती सुमारे १० ग्रॅम होते. चार ते सहा वर्षांच्या मुलास दिवसाला साधारण १,३०० ते १,४०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. त्यापैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा कमी असावा, या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार सुमारे ३२ ग्रॅम ही कमाल मर्यादा ठरते. दोन कपांतच तिचा मोठा भाग संपतो.

उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलांचा प्रश्न ओळखून तमिळनाडू सरकारने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथे मुख्यमंत्री न्याहारी योजनेचा प्रारंभ केला. २५ ऑगस्ट २०२३ रोजी तिरुक्कुवळै येथून ही योजना राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांसाठी विस्तारण्यात आली. नागपट्टिनम जिल्ह्यातील हे गाव १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्याचाच भाग होते. योजनेत पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यांना उपमा, खिचडी, पोंगल असे गरम पदार्थ देण्याची तरतूद करण्यात आली. अशी न्याहारी केलेल्या मुलाला घरी परतल्यावर जेवणासोबत चहा-कॉफी दिली, तर दुपारच्या अन्नातील लोहाचा मोठा भाग पुन्हा वाया जातो, हे पालकांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.

झोप आणि उंची

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दररोज ९ ते १२ तास, तर त्यापुढील किशोरवयीनांना ८ ते १० तास झोप आवश्यक मानली जाते. संध्याकाळी शिकवणीपूर्वी घेतलेल्या कॉफीतील कॅफिनचा अंश रात्री झोपेच्या वेळीही शरीरात असतो. परीक्षेच्या काळात जागरणासाठी कॉफी घेणाऱ्या विद्यार्थ्यांची झोप कमी होते, दुसऱ्या दिवशी सुस्ती येते आणि ती घालविण्यासाठी पुन्हा कॉफी लागते. नियमित कॉफी घेणाऱ्यांना ती न मिळाल्यास होणारी डोकेदुखी मोठ्यांच्या परिचयाची आहे. ती मुलांनाही होऊ शकते.

कॉफीने मुलांची उंची खुंटते, हा समज मात्र शास्त्रीय पुराव्याने सिद्ध झालेला नाही. मुलाची वाढ त्याची आनुवंशिकता, आहार, आजार आणि झोप यांवर अवलंबून असते. कॉफीमुळे आहार व झोप बिघडली, तर वाढीवर परिणाम होऊ शकतो. मुलांना भीती घालण्याऐवजी हे खरे कारण समजावून सांगणे अधिक योग्य ठरेल.

मग योग्य वय कोणते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर दोन वर्षांपर्यंत चहा, कॉफी यांसारखी पोषणमूल्य कमी असलेली पेये टाळावीत. अमेरिकेतील बालरोग, आहार, दंतवैद्यक आणि हृदयरोग या क्षेत्रांतील चार प्रमुख संघटनांनी २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांना कॅफिनयुक्त पेये देऊच नयेत, असे संयुक्तपणे सुचविले. याच संघटनांच्या सहभागाने २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत पाच ते अठरा वयोगटानेही अशी पेये टाळावीत, असे म्हटले आहे. बारा वर्षांनंतर कॅफिन घेतलेच, तर ते दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ देत आले आहेत.

या शिफारशींचे सार असे काढता येईल. पाच वर्षांपर्यंत चहा-कॉफी अजिबात देऊ नये. बारा वर्षांपर्यंत तिची गरज नाही. सणासुदीला किंवा पाहुण्यांसोबत घेतलेल्या दोन घोटांनी अपाय होण्याची शक्यता कमी असली, तरी त्याची रोजची सवय होऊ देऊ नये. बारा वर्षांनंतर दिवसाला एखादा लहान पेला चालू शकतो. मात्र तो न्याहारी व जेवणापासून किमान तासभर दूर असावा आणि दुपारनंतर घेऊ नये. ज्या मुलास रक्तक्षय आहे, निद्रानाश आहे किंवा हृदयाचा विकार आहे, त्याच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ऊर्जापेयांच्या बाबतीत नियम अधिक कठोर आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांनुसार अशा कॅफिनयुक्त पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते आणि ती मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात शाळांच्या ५०० मीटर परिसरात अधिक कॅफिन असलेल्या ऊर्जापेयांच्या विक्रीस मनाई करण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत करण्यात आली होती. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये शाळांच्या आवारात कॉफीच्या विक्रीवरच बंदी घातली.

पेला तोच, आतील पेय वेगळे

मुलाला बहुधा कॉफीपेक्षा मोठ्यांच्या पंक्तीत बसण्याची हौस अधिक असते. त्यामुळे त्याच्या हातातील पेला काढून घेण्यापेक्षा त्यातील पेय बदलणे सोपे जाते. तमिळ घरांत सुंठ, धणे आणि ताडगूळ उकळून केली जाणारी ‘सुक्कु कापी’ नावाने कॉफी असली, तरी पारंपरिक कृतीत कॉफीची भुकटी नसते. मोठ्या मुलांना ती कमी तिखट करून अधूनमधून देता येते. नाचणीची पेज, म्हणजेच ‘केळवरगु कंजी’, तंजावरप्रमाणेच महाराष्ट्रातही सहज होते. साधे दूध, ताक किंवा शहाळ्याचे पाणी हेही चांगले पर्याय आहेत. दुधात मिसळण्याच्या तयार भुकट्यांच्या बाबतीत मात्र वेष्टनावरील साखरेचे प्रमाण वाचावे. भारतीय अन्नसुरक्षा कायद्यात ‘आरोग्यपेय’ अशी व्याख्याच नसल्याने अशी पेये त्या गटात दाखवू नयेत, अशी सूचना केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना केली होती.

तंजावरच्या आजीने नातवाला पाजलेला तो घोट मायेपोटीच दिलेला असतो. तिने त्याच पेल्यात नाचणीची पेज ओतून, त्याच फेसाळ पद्धतीने खालीवर करून नातवाच्या हाती दिली, तर मायेत काही उणे राहणार नाही आणि मुलाच्या ताटातील लोहही त्याच्याच रक्तात जाईल.