दोन आगींमधली सवड

(जंगलाला लागलेल्या आगीला वणवा म्हणतात. वणव्याने जंगलाची हानी होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही काही झाडे वणव्यानंतर पुन्हा उभी राहतात. ती कशी उभी राहतात आणि तापत चाललेल्या हवामानात त्यांच्यापुढे कोणते संकट आले आहे, हे विदर्भातील साग आणि उत्तर अमेरिकेतील काळा स्प्रूस या दोन झाडांच्या उदाहरणांनी या पाठात सांगितले आहे.)

महाराष्ट्राच्या नकाशात वाशीम जिल्हा शोधा. या जिल्ह्यात कारंजा लाड हे जुने गाव आहे. कारंज्याजवळ सोहोळचे अभयारण्य आहे. ते काळविटांसाठी राखलेले असून त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. गवताळ माळ आणि उन्हाळ्यात पाने गाळणारी झाडे, असा हा सारा मुलूख आहे.

मार्च महिन्यात या भागातील एखाद्या सागाच्या जंगलात जाऊन पाहा. सागवान हा शब्द तुम्हाला उर्दूतही ओळखीचा आहे. ज्याच्या लाकडाची दारे, खिडक्या आणि पलंग करतात, तेच हे झाड. त्याची पाने जेवणाच्या ताटाएवढी मोठी आणि हाताला खरखरीत लागतात. कोवळे पान बोटांत चोळले, तर बोटे लाल होतात. पण मार्चमध्ये ही पाने झाडावर फारशी नसतात. ती जमिनीवर पडलेली असतात. पाऊल टाकले, की पापड मोडावा तसा आवाज होतो.

साग पाने का गाळतो? पानांतून सतत पाण्याची वाफ बाहेर जात असते. उन्हाळ्यात जमिनीत पाणी कमी असते. अशा वेळी पाने ठेवली, तर झाड वाळून जाईल. म्हणून ते पाने टाकून देते आणि पावसाची वाट पाहत उभे राहते. पाणी वाचवण्याची ही त्याची युक्ती आहे. मात्र या युक्तीमुळे एक धोका निर्माण होतो. जंगलाच्या जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर साचतो. त्यावर एक ठिणगी पडली, तरी तो पेट घेतो.

आपल्याकडील पानगळीच्या जंगलातील आग बहुधा जमिनीलगत चालते. पाने आणि गवत जळते. मोठ्या झाडांचे शेंडे सहसा वाचतात, कारण ज्वाला तेवढ्या उंच जात नाहीत. मोठ्या सागाच्या खोडाला सालीचे संरक्षण असते. प्रश्न असतो तो लहान रोपांचा. ती आगीत काळी पडतात आणि वाळून जातात. ते दृश्य पाहून तुम्हाला वाटेल, की येथील सर्व संपले.

आता त्याच जागी जुलै महिन्यात पुन्हा जा. पाऊस पडून गेलेला असेल. जळालेल्या रोपाच्या बुंध्याशी तुम्हाला हिरवा कोंब दिसेल. हा कोंब नव्या बीचा नाही, तो त्याच जुन्या रोपाचा आहे. माती उष्णता सहजपणे खाली जाऊ देत नाही. त्यामुळे वर आग असली, तरी काही बोटे खोल असलेले मूळ जिवंत राहते. सागाचे रोप आपले अन्न या जाड मुळात साठवून ठेवते. वरचा भाग जळाला, तरी मुळातील साठ्यावर ते पुन्हा वाढते.

असे किती वर्षे चालते? कित्येकदा बरीच वर्षे. रोप दर पावसाळ्यात वर येते आणि उन्हाळ्यात आगीने किंवा कोरडेपणाने मरते. दरम्यान त्याचे मूळ मात्र जाड होत जाते. मग एखादे वर्षी आग लागत नाही. पुढच्या वर्षीही लागत नाही. तेवढ्या सवडीत रोप झपाट्याने उंच होते, त्याचा शेंडा ज्वालांच्या वर जातो आणि खोडावरची साल जाड होते. यापुढे साध्या आगीला ते झाड दाद देत नाही. वसंत ऋतूत केशरी फुलांनी डवरणारा पळसही असाच चिवट आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. साग आगीमुळे जगत नाही. तो जगतो दोन आगींच्या मध्ये मिळालेल्या सवडीमुळे. दरवर्षी त्याच जागी आग लागली, तर म्हातारी झाडे उभी दिसतील, पण त्यांच्याखाली वाढणारे एकही तरुण झाड दिसणार नाही. जे जंगल आज डोळ्यांना भरलेले दिसते, ते उद्याचे नसेल.

आता भारताचा नकाशा मिटून जगाचा नकाशा उघडा. याच सवडीची गोष्ट एका अगदी वेगळ्या जंगलातही पाहता येते. कॅनडा आणि अलास्का या प्रदेशांवर बोट ठेवा. येथे हिवाळा दीर्घ आणि अतिशय कडक असतो. उन्हाळा थोडे महिनेच टिकतो. उत्तर अमेरिका, युरोप आणि रशिया यांच्या उत्तर भागांतून सूचिपर्णी वृक्षांच्या जंगलांचा एक विशाल पट्टा गेला आहे. त्याला तैगा म्हणतात. जगातील एकूण जंगलांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक जंगल या पट्ट्यात आहे.

त्यातील उत्तर अमेरिकेच्या भागात काळा स्प्रूस हे झाड फार आढळते. आपल्या हिमालयातील देवदार आणि चीड ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील हे झाड आहे. त्याची पाने सुईसारखी असून ती वर्षभर हिरवी राहतात. दलदलीच्या गार जमिनीत ते इतके सावकाश वाढते, की शंभर वर्षांचे झाडही कधीकधी जेमतेम चार-पाच मीटर उंच असते.

या झाडाखाली शेवाळाचा जाड थर असतो. बाजारात बर्फाच्या लादीवर भुसा टाकून वर पोते गुंडाळलेले तुम्ही पाहिले असेल. त्यामुळे बर्फ लवकर वितळत नाही. शेवाळाचा थर तेथील जमिनीसाठी हेच काम करतो. कित्येक ठिकाणी त्याच्याखालची माती बारा महिने गोठलेली असते. थंडीमुळे मेलेले शेवाळ आणि पाने पूर्णपणे कुजत नाहीत. ती हजारो वर्षांपासून थरावर थर साचत आली आहेत. त्या थरांत कार्बनचा फार मोठा साठा आहे. तो झाडांमधील कार्बनपेक्षाही जास्त आहे.

काळ्या स्प्रूसचीही आगीशी जुनी ओळख आहे. मात्र त्याची तऱ्हा सागाहून वेगळी आहे. तेथे वीज पडून आग लागते आणि ती खालच्या फांद्यांवरून शेंड्यापर्यंत चढते. झाड मरते. परंतु त्याच्या शेंड्यावर लहान लहान शंकूंचा दाट झुबका असतो. या शंकूंच्या पाकळ्या राळेने चिकटलेल्या असतात आणि आत बी सुरक्षित असते. आगीच्या उष्णतेने राळ वितळते, पाकळ्या उघडतात आणि पुढील काही वर्षे जळालेल्या जमिनीवर बी पडत राहते. साग मूळ वाचवतो, काळा स्प्रूस बी वाचवतो.

पण बी वाचवण्यासाठी आधी ते तयार असावे लागते. पुरेसे शंकू धरण्यासाठी या झाडाला तीस वर्षांहून अधिक काळ लागतो. पूर्वी एका जागी साधारणपणे सत्तर ते शंभरेक वर्षांनी आग येत असे. त्यामुळे झाडाला भरपूर मुदत मिळे. हजारो वर्षे हा क्रम टिकून होता.

आता हा क्रम बिघडू लागला आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळल्यामुळे हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला आहे आणि पृथ्वी तापत आहे. उत्तर ध्रुवाजवळचा प्रदेश तर उरलेल्या जगापेक्षा अधिक वेगाने तापत आहे. उन्हाळा लांबला, शेवाळ वाळले, की तेही जळणासारखे पेटते. २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र वणव्यात सापडले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरांहून थोडे अधिक आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या महाराष्ट्राएवढा प्रदेश एका वर्षात जळाला. त्या वर्षी जून महिन्यात या आगींच्या धुराने दूरच्या न्यूयॉर्क शहराचे आकाश नारिंगी झाले होते.

पहिल्या आगीनंतर उगवलेली झाडे वयात येण्यापूर्वीच दुसरी आग आली, तर शंकू नसतात आणि बीही नसते. आग खोलवर गेली, तर शेवाळाचा थर जळून जातो आणि त्या जागी बर्च, अ‍ॅस्पेन यांसारखी दुसरी झाडे येतात. कधी झाडांऐवजी नुसती झुडपे उरतात. काही आगी तर बर्फाखाली मातीच्या थरात हिवाळाभर धुमसत राहतात आणि वसंतात पुन्हा वर येतात. हजारो वर्षे साठलेला कार्बन अशा वेळी हवेत मिसळतो. त्यामुळे पृथ्वी आणखी तापते आणि आगीला आणखी वाट मिळते.

आग नसतानाही उष्णतेने काय घडते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात शास्त्रज्ञांनी एक मोठा प्रयोग मांडला. काळ्या स्प्रूसच्या दलदलीत त्यांनी वरून उघडी अशी काचघरासारखी दहा घरे उभी केली. काही घरांतील हवा आणि माती निरनिराळ्या प्रमाणांत तापवली. सर्वांत जास्त तापवलेल्या घरात तापमान नेहमीपेक्षा ९ अंश सेल्सिअसने अधिक ठेवले. २०१५ पासून तेथे नोंदी होऊ लागल्या. तापवलेल्या घरांत झाडांना लवकर पालवी फुटली. परंतु २०१६ च्या वसंतात थंडी एकाएकी परतली आणि कोवळी पाने हिमाने करपली. ज्या जमिनी कार्बन साठवत होत्या, त्या तापवल्यावर कार्बन गमावू लागल्या. नुसते ऊबदार हवामान थंड प्रदेशातील झाडाला सुखाचे होईल, ही समजूत या प्रयोगाने खोटी ठरवली.

मुलांनो, आता पुन्हा कारंज्याकडे येऊ या. आपल्याकडे गोठलेली जमीन नाही आणि आगी बहुतेक वेळा वीज पडून लागत नाहीत. त्या माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे, तेंदूला नवी पालवी यावी किंवा गुरांना कोवळे गवत मिळावे, म्हणून कोणी पाला पेटवतो. कोणी विडीचे थोटूक न विझवता फेकतो. मोहफुले आणि तेंदूपाने यांवर विदर्भातील हजारो गरीब कुटुंबांची चूल पेटते, हे विसरून चालणार नाही. त्यांना नुसता दोष देऊन वणवे थांबणार नाहीत.

मात्र पूर्वी जी आग थोडे पसरून विझत असे, तीच आता दूरवर जाऊ शकते. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. आकडा लहान वाटतो. परंतु हवा जितकी तापते, तितका ती पाल्यातील ओलावा अधिक शोषून घेते. मग रोपांना मिळणारी सवड कमी होते. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरीसारखी झुडपे माजतात. तितर आणि चंडोल यांची घरटी जमिनीवर असतात. अंडी आणि पिले आगीतून पळू शकत नाहीत.

ही सवड परत देणे आपल्या हातात आहे. वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जंगलात जाळरेषा काढतो. म्हणजे एका पट्ट्यातील गवत व पाला आधीच जाळून किंवा काढून टाकतो, त्यामुळे आग तो पट्टा ओलांडू शकत नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या मदतीने आगीची जागा ओळखून वनकर्मचाऱ्यांना कळवते. मोहाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तर फुले स्वच्छ मिळतात आणि रोपेही वाचतात.

तुम्हीही एक काम करू शकता. गावाजवळच्या रानात सागाचे किंवा पळसाचे एक लहान रोप निवडा. मोठ्यांना सोबत घेऊन पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यानंतर एकदा ते पाहून या. त्याची उंची वहीत लिहा. आग लागली असेल, तर तेही लिहा. तीन-चार वर्षांत तुमची वही सांगेल, की त्या रोपाला वाढायला सवड मिळाली की नाही.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश, इलाका
सवड – फुरसत, मोकळा वेळ
मुदत – ठरावीक काळ
बुंधा – झाडाचा जमिनीलगतचा भाग
दाद न देणे – न जुमानणे
चिवट – सहज न मरणारा
सूचिपर्णी – सुईसारखी पाने असलेला
राळ – झाडाचा चिकट रस
धुमसणे – ज्वाला न दिसता आत जळत राहणे
थोटूक – विडीचा उरलेला तुकडा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सोहोळचे अभयारण्य कोणत्या प्राण्यासाठी राखलेले आहे?
(आ) साग उन्हाळ्यात पाने का गाळतो?
(इ) काळ्या स्प्रूसचे शंकू केव्हा उघडतात?

२. कारणे द्या.
(अ) सागाचे जळालेले रोप पावसाळ्यात पुन्हा फुटते.
(आ) लवकर आलेली दुसरी आग काळ्या स्प्रूसला घातक ठरते.

३. ‘साग मूळ वाचवतो, काळा स्प्रूस बी वाचवतो.’ हे विधान पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

४. पाठात आलेले जे शब्द उर्दूतही वापरले जातात, त्यांची यादी करा आणि त्यांपैकी तीन शब्द मराठी वाक्यांत वापरा.