वाटेत कोण भेटले?

शनिवारची संध्याकाळ झाली की आमच्या जेवणाच्या टेबलावरचा माझा हक्क संपे. चिरंजीव आणि त्याचे चार मित्र तेथे नकाशे, पेन्सिली आणि चिवड्याची परात मांडून बसत, आणि रात्री अकरापर्यंत फाशांचा खडखडाट चाले. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात फासे! दोन वर्षांपूर्वी त्याच्या परीक्षेच्या तोंडावर मी ते सारे फासे उचलले आणि माझ्या कपाटात कुलूपबंद करून टाकले. तो एक शब्द बोलला नाही. त्याने नवे फासे आणले, खेळ एका मित्राच्या घरी हलवला, आणि आम्हा बापलेकांचे संभाषण 'जेवायला ये' आणि 'आलो' एवढ्यावर येऊन ठेपले.

गेल्या पावसाळ्यात त्या मित्राचे घर दुरुस्तीला निघाले, म्हणून ही मंडळी पुन्हा आमच्याकडे आली. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसे. कान मात्र टेबलाकडे असत. तेव्हा कुठे मला कळले की हा जुगार नव्हे. हे संहिता नसलेले नाटक आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रे. सूत्रधार म्हणतो, "समोर नदी आहे, पूल वाहून गेला आहे, काय करता?" पात्रे आपला बेत सांगतात, आणि तो साधला की फसला याचा निवाडा फासा करतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ तीन चिमुकल्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. पहिल्या दोन पुस्तिकांत पात्रे, मंत्र आणि राक्षस. तिसरीत भुयारे आणि रानातला प्रवास. मौज अशी की या रानासाठी त्यांनी नकाशा काढलाच नाही. 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाच्या दुसऱ्याच एका खेळाचा नकाशा घ्या, असे सांगून ते मोकळे झाले! त्या नकाशावर षट्कोनी घरे; एक घर म्हणजे ५ मैल. दररोज फासा टाकून पाहायचे, वाट चुकली काय, आणि वाटेत कोणी भेटले काय. मैदानापेक्षा दलदलीत वाट चुकण्याचा संभव अधिक, हेही त्यात ठरवून दिलेले.

आमचे चिरंजीव सूत्रधार होते, आणि नेमके हे रानच त्यांच्या मुळावर आले होते. राजवाड्यातले कारस्थान रंगे, भुयारातली लढाई रंगे. पण प्रवास सुरू झाला की मित्र जांभया देऊ लागत. कोणी तर चक्क मोबाइल काढून बसे. एका रात्री मंडळी गेल्यावर तो माझ्या दारात उभा राहिला. "बाबा, तुम्ही 'माझा प्रवास' शिकवता ना? त्यातला प्रवास कंटाळवाणा का होत नाही?"

दोन वर्षांनी मुलाने विचारलेला हा पहिला प्रश्न! मी तपासायचे पेपर बाजूला सारले.

प्राध्यापकी उत्साहाने मी त्याला आधी एक यादीच करून दिली: वाघ, अजगर, दरोडेखोर, भुते. यादी वाचून तो हसला. "बाबा, वाघ आला, मारला, पुढे गेलो. मग?"

त्या 'मग'ने मला गप्प केले. मी पुस्तक काढले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. महूजवळ त्यांना शिपाई भेटतात. ते भटजींना लुटत नाहीत, मारत नाहीत. लवकरच मोठे बंड होणार आहे, एवढी बातमी देतात. या गाठीत तलवार उपसली गेली नाही; पण त्या क्षणापासून पुढचे प्रत्येक पाऊल निराळे झाले. मागे फिरावे, तर घरचे कर्ज तसेच. पुढे जावे, तर आगीत पाय. काका-पुतणे पुढे गेले. त्यांनी झाशीचा वेढा पाहिला, लूट सोसली. आणि द्रव्याची आशा धरून निघालेले विष्णुभट अखेर खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परतले.

"म्हणजे भेटणारा किती भयंकर आहे हे महत्त्वाचे नाही," चिरंजीव म्हणाले, "त्याला भेटून आपल्याला काय ठरवावे लागते, ते महत्त्वाचे."

माझ्या वर्गात एवढे नेमके उत्तर क्वचितच कोणी दिले असेल!

त्या रात्री आम्ही दीड वाजेपर्यंत बसलो. पहिली गोष्ट ठरली ती ही, की रानात भेटणारा कोणीही आपल्यासाठी झुडपाआड ताटकळत बसलेला नसावा. तो स्वतःच्या कामाला निघालेला असावा, आणि त्याचे काम आपल्या वाटेत आडवे यावे. मूळ खेळातही समोरचा शत्रू ठरणार की मित्र, हे पाहायला दोन फासे टाकण्याची सोय आहे. पोरे ती विसरून थेट तलवारीलाच हात घालत होती. दुसरे, कोणतीही निवड फुकट नसावी. वेळ, शिधा किंवा गुपित, काहीतरी पदरचे जावेच. तिसरे, जो भेटला त्याची चाहूल आधी लागावी आणि आठवण पुढे यावी. चाहुलीवाचून आलेला वाघ हा अपघात असतो. ओल्या मातीत त्याचा पंजा आधी उमटलेला दिसला, म्हणजे तो कथेतला होतो.

पुढच्या शनिवारी मी पेपर तपासण्याचे सोंगसुद्धा केले नाही. मंडळी एका डोंगरी किल्ल्यावर औषध घेऊन निघाली होती. मुदत सहा दिवसांची. दुसऱ्या दिवशी त्यांना धुराचा वास आला. तिसऱ्या दिवशी नदीच्या उताराशी एक अवाढव्य राक्षस दिसला. तो आपल्या मेलेल्या भावाची चिता रचत होता, आणि पावसाने लाकूड भिजले होते. त्याने त्यांची वाट अडवली नाही. "थोडे कोरडे लाकूड मिळेल का?" एवढेच विचारले.

लाकूड शोधायचे तर अर्धा दिवस मोडणार. तिकडे किल्ल्यावर रोगी तळमळत असणार. दीड तास पोरे हमरीतुमरीवर येऊन भांडली. चिवड्याला कोणी हात लावला नाही. अखेर त्यांच्यातला सर्वांत अबोल मुलगा म्हणाला, "माझ्या भाल्याचा दांडा कोरडा आहे." मग दुसऱ्याने धनुष्य दिले, तिसऱ्याने तंबूच्या काठ्या. चिता पेटली. ते निःशस्त्र होऊन पुढे गेले आणि तरीही किल्ल्यावर एक प्रहर उशिरा पोचले. एक रोगी गेला होता. आपण बरोबर केले की चूक, हा वाद पोरे जिन्यात उभी राहून मध्यरात्रीपर्यंत घालत होती. परतीच्या वाटेवर नदीला पूर आला, तेव्हा त्यांना खांद्यावर घेऊन पलीकडे नेणारा कोण होता, हे वाचकांना सांगायला नकोच.

मंडळी पांगल्यावर मी कपाट उघडले आणि दोन वर्षांपूर्वीची ती फाशांची पिशवी टेबलावर ठेवली. "मी विचारायला हवे होते," एवढेच मला म्हणता आले. त्याने पिशवी उघडून फासे मोजले. "सगळे आहेत," तो म्हणाला. पुढे किंचित थांबून, "चहा टाकू?"

आता तो नोकरीसाठी बंगळूरला असतो. शनिवारी पाचही जण संगणकाच्या पडद्यावर जमतात, आणि आमचे टेबल रिकामे असते. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. पूर्वी मी 'जेवलास का?' विचारत असे. आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काल वाटेत कोण भेटले?"