पाच टन डिझेल

१४ सप्टेंबर १९९५. बोस्नियातल्या सर्ब सैन्याच्या मुख्यालयातून एक साधा हुकूम निघाला: झ्वोर्निकच्या छावणीला पाच टन डिझेल द्यावं. इंधनाची टंचाई होती, त्यामुळे त्याचा हिशेब कागदावर राहिला. पुढे हा कागद हेगच्या युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणात पुरावा म्हणून आला. ते डिझेल पुरलेली प्रेतं उकरून दुसरीकडे हलवण्यासाठी होतं!

जुलैत स्रेब्रेनित्साजवळ काही दिवसांत सात हजारांहून अधिक बोस्नियाक मुसलमान पुरुष आणि मुलगे या सैन्याकडून मारले गेले. १० ऑगस्टला अमेरिकेनं सुरक्षा परिषदेत ताज्या उकरलेल्या मातीचे आकाशातून घेतलेले फोटो दाखवले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारलेल्यांची ती सामूहिक थडगी पुन्हा उकरली गेली. ब्रातुनात्स भागात हे काम जुळवून आणणारा होता कॅप्टन मोमिर निकोलिच, तिथल्या ब्रिगेडच्या सुरक्षा आणि गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख.

आणि इथेच सारं फिरलं. यंत्रांनी देह तोडले. एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी निघाली. डीएनए जुळवला, की कोणतं नवं थडगं कोणत्या जुन्याचं हे आपोआप ठरायचं. कोझ्लुकची गंमत तर थक्क करणारी आहे (गंमत हा शब्द इथे वापरताना जीभ अडखळते). तिथं प्रेतं आधी पुरली त्या जागी पेयं भरणाऱ्या कारखान्याच्या फुटक्या बाटल्या टाकल्या जात. त्याच हिरव्या काचा आणि तीच लेबलं दूर चान्चारी रस्त्याकडेच्या थडग्यात प्रेतांबरोबर सापडली. माती आणि परागकणही तपासले गेले, तेही तसंच सांगत होते. लपवाछपवीनं एका गुन्ह्याचे दोन पत्ते तयार झाले, आणि ही हलवाहलवी जाणूनबुजून केली याचाही पुरावा मिळाला.

निकोलिचच्या कितीतरी वर होता झ्द्रावको तोलिमिर, मुख्यालयातला गुप्तवार्ता आणि सुरक्षेचा प्रमुख. हजारो माणसं ताब्यात आली त्या १३ जुलैला त्याची एक सूचना लेखी पुढे गेली: कैदी जमिनीवरून वा आकाशातून दिसणार नाहीत अशा जागी ठेवावेत. इतर पुराव्यांबरोबर हा कागदही त्याच्याविरुद्ध उभा राहिला. शिवाय विरुद्ध बाजूच्या बोस्नियन सरकारी सैन्याचे लोक डोंगरांवर बसून सर्ब अधिकाऱ्यांचं बोलणं ऐकत आणि वह्यांत हातानं उतरवून घेत. खटल्यात त्या वह्याही आल्या. दुसऱ्यांचं ऐकणं हा ज्यांचा धंदा, त्यांनी आपलंही कुणी ऐकत असेल याची फारशी फिकीर केलेली दिसत नाही.

तोलिमिरनं वकील न घेता स्वतःच बाजू मांडली. २०१२ मध्ये बहुमतानं त्याला नरसंहाराबद्दल जन्मठेप झाली. २०१६ मध्ये तो कोठडीतच वारला.

निकोलिचनं २००३ मध्ये गुन्हा कबूल केला. कबुलीसाठी सरकारी पक्षाशी झालेल्या वाटाघाटींत त्यानं न केलेली गोष्टही अंगावर घेतली: क्रावित्साच्या गोदामातल्या हत्याकांडाचा हुकूम आपणच दिला, असं तो म्हणाला. करार फिसकटू नये म्हणून खोटं बोललो, हे नंतर त्यानंच मान्य केलं. सरकारी पक्षानं १५ ते २० वर्षांची शिक्षा सुचवली होती. न्यायाधीशांनी २७ वर्षं दिली. अपिलात ती २० झाली.